ग्रेगसाहेबांचे आठ आणे : खेळाडू-धर्मगुरूचं चरित्र कसं वाचायचं?

आधी एक गोष्ट सांगतो. तुमच्यापैकी काहींनी ती कुठेतरी वाचलेली असेल.

साल १८९२ च्या आसपासचं. पुण्यात गोऱ्या साहेबांचा क्लब. तिथे खेळपट्टीवर रोलर फिरवायला, नेट लावायला, मैदान झाडायला एक मुलगा कामाला होता. पगार महिना चार रुपये. नाव बाळू, जात चांभार. क्लबातले ग्रेगसाहेब मोठे फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूला गोलंदाजी करायला सांगत. बाळू डाव्या हाताने चेंडू टाकायचा, आणि असा वळवायचा की साहेब चकित होत. साहेबांनी मग बोली लावली : मला बाद केलंस की आठ आणे. बाळू टाकत राहिला, साहेब खेळत राहिले, आणि त्यातून भारताचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज घडला. पुढे साहेब सैन्यातून निवृत्त झाले आणि चक्क कॅथलिक चर्चचे धर्मगुरू झाले.

गोष्ट छान आहे. मला इतकी आवडली की माझ्या एका निबंधाची सुरुवातच मी तिने केली होती. 'भावी धर्मगुरूच्या मनातली करुणा त्या नेट्समध्येच दिसू लागली होती' असं एक वाक्यही लिहिलं होतं. तेव्हा मला ते वाक्य फारच भारी वाटलं होतं.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी कागद परत दिला तेव्हा त्यावर लाल शाई नव्हती. पेन्सिलने फक्त दोन शब्दांखाली रेघ मारली होती : 'येत' आणि 'टाकायचा'. समासात एक प्रश्न होता : 'या दोघांचं व्याकरण वेगळं का?'

नाशिकरोडला घरी येईपर्यंत, म्हणजे नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा अख्खा रस्ता, मी बसमध्ये त्या प्रश्नाचा विचार करत होतो. ग्रेगसाहेब 'येत', बाळू 'टाकायचा'. एकाला आदरार्थी बहुवचन, दुसऱ्याला एकेरी. इंग्रजीत लिहिलं असतं तर ही चूक दिसलीच नसती. मराठीने मला उघडं पाडलं. गोष्टीत 'साहेब' कोण आणि 'मुलगा' कोण, हे मी तपासून ठरवलं नव्हतं. मला गोष्ट जशी मिळाली, तशीच ती व्याकरणासकट मी उचलली होती.

हा लेख त्या पेन्सिलच्या रेघांबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण 'पेट'ची तयारी करताहेत, काहींचा आराखडा समितीपुढे जायचाय, आणि 'एखाद्या व्यक्तीवर संशोधन करता येतं का?' हा प्रश्न मला वारंवार येतो. येतं की! पण चरित्र हा दिसायला सोपा आणि करायला कठीण प्रकार आहे. तो का कठीण आहे, हे ग्रेग यांच्या उदाहरणावरून सांगतो. आणि इथून पुढे दोघांनाही आदरार्थी.

कोण हे ग्रेग?

जॉन ग्लेनी ग्रेग यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८७१ चा, मध्य भारतातल्या महू इथला. सैन्यात अधिकारी. बराच काळ मुंबई इलाख्यात गेला. युरोपियन संघाकडून ते पारशी आणि हिंदू संघांविरुद्ध खेळले आणि त्या काळात इथले सर्वोत्तम गोरे फलंदाज म्हणून ओळखले गेले. नावाची आद्याक्षरं जे. जी., त्यावरून टोपणनाव पडलं 'जंगली'. रजेवर इंग्लंडला गेले की हॅम्पशायर काउंटीकडून खेळायचे. १९०१ साली लिव्हरपूलला लँकेशायरविरुद्ध त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या. हॅम्पशायरकडून ते १९२२ पर्यंत खेळले, म्हणजे पन्नाशी गाठेपर्यंत. १९३५ साली, त्रेसष्ट-चौसष्टाव्या वर्षी, ते कॅथलिक धर्मगुरू झाले. पुढे 'कॅनन' हा मानही मिळाला. तो चर्चमध्ये ज्येष्ठ धर्मगुरूंना दिला जातो. २४ मे १९५८ रोजी त्यांचं निधन झालं.

आता या माणसाच्या नोंदी कुठे सापडतात ते बघा. काउंटी क्रिकेटच्या पुस्तकांत ते फलंदाज आहेत, आणि धर्मगुरूपद शेवटच्या ओळीत येतं, 'आणि हो, पुढे ते फादरही झाले' अशा थाटात. भारतीय क्रिकेटच्या इतिहासात ते बाळूंच्या गोष्टीतलं एक पात्र आहेत. चर्चच्या दृष्टीने बघाल तर ते उतारवयात आलेले एक धर्मगुरू. तीन कपाटं, तीन वेगळी माणसं. चरित्रकाराला वाटतं की आपण या तिघांना जोडणारा धागा शोधावा. चुकीची सुरुवात नेमकी तिथेच होते, कारण धागा सापडला नाही तर आपण तो विणतो.

तयार साचा

'खेळाडू आणि धर्मगुरू' या जोडीचा एक साचा जगात आधीपासून तयार आहे. एरिक लिडेल यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रविवारी धावायला नकार देऊन त्यांनी शंभर मीटरची शर्यत सोडली, चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं, पुढे चीनमध्ये मिशनरी म्हणून काम केलं आणि १९४५ साली जपानी नजरकैदेच्या छावणीत त्यांचा मृत्यू झाला. १९८१ चा 'चॅरियट्स ऑफ फायर' हा चित्रपट त्यांच्यावरच आहे. त्यात लिडेल यांना बोटीवर चढताना कळतं की प्राथमिक फेरी रविवारी आहे. प्रत्यक्षात वेळापत्रक त्यांना कित्येक महिने आधी माहीत होतं, आणि त्यांनी चारशे मीटरची तयारी शांतपणे केली होती. चित्रपटाला एक धक्का हवा होता, म्हणून महिन्यांचा निर्णय एका क्षणात आणून बसवला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. लिडेल यांची धर्मोपदेशक म्हणून दीक्षा झाली १९३२ साली. म्हणजे पॅरिसला धावले ते 'पाद्री' नव्हतेच. श्रद्धाळू होते, मिशनरी कुटुंबातले होते, पण पद नंतर आलं. तरी आपल्या डोळ्यांसमोर धावणारा पाद्रीच येतो.

दुसरं उदाहरण सी. टी. स्टड. १८८२ च्या ज्या ओव्हल कसोटीनंतर 'अॅशेस' हा शब्द जन्माला आला, त्या कसोटीत ते इंग्लंडकडून खेळले होते. १८८५ मध्ये सगळं सोडून चीनला गेले. नंतर काही वर्षं आपल्याकडे उटीच्या चर्चमध्येही होते. आणि तिसरे डेव्हिड शेपर्ड : २२ कसोटी सामने, १९५५ साली दीक्षा, त्यानंतरही कसोटी क्रिकेट, आणि पुढे लिव्हरपूलचे बिशप.

तिघांना एकाच माळेत ओवायचा मोह होतो. पण नीट बघितलं तर तीन वेगळे क्रम आहेत. स्टड यांनी धर्मासाठी खेळ सोडला. लिडेल यांच्या बाबतीत श्रद्धा आधीपासून होती, पद नंतर आलं. शेपर्ड यांनी दोन्ही एकाच वेळी केलं. आणि ग्रेग? शेवटचे काउंटी सामने १९२२ मध्ये, दीक्षा १९३५ मध्ये. मध्ये तेरा वर्षं. पुण्याच्या नेट्सपासून मोजाल तर त्रेचाळीस.

त्रेचाळीस वर्षं! तुम्ही आज एकवीस वर्षांचे असाल तर चौसष्टाव्या वर्षी काय कराल, याचं बीज आजच्या तुमच्या एखाद्या सवयीत शोधणाऱ्या चरित्रकाराला तुम्ही काय म्हणाल? मी मात्र नेमकं तेच केलं होतं. शेवट माहीत होता म्हणून सुरुवातीत त्याची चाहूल ऐकली. संशोधनात यासारखा फसवा आवाज दुसरा नाही. स्वतःच्या लिखाणात 'भावी', 'पुढे जे होणार होतं त्याची नांदी', 'बीज इथेच पडलं' असे शब्द दिसले की थांबा, आणि मधल्या वर्षांचा पुरावा तुमच्या हातात आहे का ते विचारा.

आणखी एक. अशा माणसांबद्दल लिहिताना 'मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी', म्हणजे बलोपासनेला धर्माचरणाची जोड देणारा विचार, ही संज्ञा सरसकट चिकटवली जाते. ही कल्पना १८५० च्या दशकात इंग्लंडात, चार्ल्स किंग्जली आणि थॉमस ह्यूज यांच्या लेखनाच्या आसपास रुजली. तिचं घर प्रॉटेस्टंट आणि मुख्यतः अँग्लिकन. ग्रेग कॅथलिक धर्मगुरू झाले, तेही खेळ थांबून बराच काळ लोटल्यावर. संज्ञा वापरायला बंदी नाही, पण ती तुमच्या माणसाला लागू पडते हे आधी दाखवावं लागेल. 'क्रिकेट अधिक चर्च' एवढ्या बेरजेतून ते सिद्ध होत नाही.

आठ आण्यांचं वजन

आता मूळ गोष्टीकडे येऊ. ती तपासायची कशी?

पहिली पायरी : गोष्ट आपल्यापर्यंत आली कुठून? आजच्या वाचकापर्यंत ती मुख्यतः पोचली रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या २००२ च्या पुस्तकामुळे. पालवणकर बंधूंना विस्मृतीतून बाहेर काढण्याचं मोठं श्रेय या पुस्तकाला द्यायलाच हवं. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं, आणि गुहांनी ते मन लावून वापरलंय. पण आठ आण्यांची गोष्ट गुहाही आख्यायिका म्हणूनच सांगतात. त्यांच्यापुढची पिढी, म्हणजे वर्तमानपत्रं, व्हिडिओ आणि माझ्यासारखे उत्साही विद्यार्थी, ती 'म्हणूनच' गाळून टाकते. दोन-तीन वेळा हात बदलले की आख्यायिकेचं प्रमाण होतं. तुमच्या विषयातही असं एखादं 'सर्वांना माहीत असलेलं' वाक्य असेलच. ते मागे मागे नेत जा आणि कुठल्या टप्प्यावर त्याचं 'म्हणे' गळालं ते शोधा.

दुसरी पायरी : तारखा लावा. बाळूंचा जन्म १८७६ चा मानला जातो. म्हणजे १८९२ साली ते सोळा-सतरा वर्षांचे, आणि ग्रेग एकवीस. फक्त पाच वर्षांचं अंतर! गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर पिकल्या मिशांचा प्रेमळ साहेब आणि चिमुरडा पोरगा होता. प्रत्यक्षात दोघेही तरुण. एक जण नुकताच मिसरूड फुटलेला, दुसरा त्याच्या थोरल्या भावाच्या वयाचा. गोष्टीत ग्रेग यांना बहुतेक वेळा 'कॅप्टन' म्हटलेलं असतं. त्या काळातल्या सैन्यात एकविशीत कॅप्टन होणं सहसा घडत नसे, तेव्हा हा हुद्दा नंतरच्या काळातून मागे येऊन चिकटला असण्याची शक्यता मोठी. हे तपासायला त्या काळच्या छापील आर्मी लिस्ट आहेत. त्यात अधिकाऱ्याची बढती तारखेनिशी सापडते. हुद्दा नंतरचा निघाला म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. पण ती घडल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, साहेब मोठे झाल्यावर, सांगितली गेली असावी एवढं त्यातून कळतं. आणि उशिरा सांगितलेल्या गोष्टीत नंतरचा मोठेपणा मागे झिरपतोच.

तिसरी पायरी : हिशेब करा. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे आठ आणे हा अर्धा रुपया. पगार महिना चार रुपये. गोष्ट खरी धरली तर साहेबांना आठ वेळा बाद केलं की एक महिन्याचा पगार वर. ग्रेगच्या बाजूने बघितलं तर हे बक्षीस, कौतुक. बाळूंच्या बाजूने बघितलं तर? ही जवळपास मजुरीच आहे, कामाप्रमाणे दाम. आणि काम कोणाचं चाललंय? साहेबांच्या फलंदाजीचं. सरावाची गरज साहेबांना होती. 'ग्रेग यांनी बाळूंना घडवलं' हे वाक्य मग उलटंही लिहिता येतं : इलाख्यातल्या सर्वोत्तम गोऱ्या फलंदाजाची फिरकीची तयारी एका चार रुपये पगाराच्या कामगाराने करून घेतली. १९०१ च्या त्या नाबाद २४९ धावांमागे पुण्यातले ते तास किती होते, हा प्रश्न काउंटी क्रिकेटच्या कुठल्याही पुस्तकात मला भेटलेला नाही. मी तो सिद्ध झालेलं विधान म्हणून मांडत नाही, प्रश्न म्हणून मांडतो. पण 'घडवलं' हे क्रियापद फक्त एकाच दिशेने का वाहतं, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

चौथी पायरी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची : गोष्टीत काय घडत नाही ते बघा. त्या क्लबात बाळूंनी तासन् तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हाती बॅट कधीच दिली गेली नाही. गुहांनी हे स्पष्ट नोंदवलंय. आमच्या कॉलनीत रविवारी सकाळी पोरं रबरी चेंडूने खेळतात. सगळ्यांत लहान पोराला 'कच्चा लिंबू' करतात. तो धावतो, चेंडू आणतो, आणि शेवटी रडत विचारतो, 'माझी बॅटिंग कधी?' त्यालासुद्धा दोन चेंडू मिळतातच. पुण्याच्या त्या क्लबात जो माणूस सर्वांत चांगला गोलंदाज होता, त्याला ते दोन चेंडूही मिळाले नाहीत. गोलंदाजी हे श्रमाचं काम म्हणून नोकराला चालत होतं. फलंदाजी साहेबाची. अर्धा रुपया देता येत होता, बॅट देता येत नव्हती.

'भावी धर्मगुरूची करुणा' हे माझं वाक्य या चौथ्या पायरीवर येऊन कोसळलं. ग्रेग निर्दय होते असं मी म्हणत नाही. पैसे देणं हे न देण्यापेक्षा बरंच. पण करुणा ही चरित्रकाराने वाटायची गोष्ट नाही. तिला पुरावा लागतो, आणि इथला पुरावा दोन्ही बाजूंना बोलतो.

ग्रेगना न्याय देताना

उलट बाजूलाही जायला नको. पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना खेळवायचं की नाही यावर वाद झाला, तेव्हा ग्रेग यांनी जाहीरपणे सांगितलं, की असा गोलंदाज हातचा घालवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असं सांगितलं जातं. संघाने बाळूंना घेतलं. ते मैदानावर बरोबरीने खेळले, पण चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवणही वेगळं.

इथे एक सोपा सापळा आहे : गोरे उदार, सवर्ण हिंदू कोते. किंवा त्याच्या उलट : वसाहतवादी धूर्त, बाकी सगळे बळी. दोन्ही वाक्यं समितीपुढे टाळ्या मिळवतील, पण दोन्ही अपुरी आहेत. ग्रेग यांच्या सल्ल्यात उदारपणा असेल, चांगल्या सामन्याची हौस असेल, किंवा इथल्या समाजाला दोन शब्द सुनावण्याची साहेबी खुमखुमीही असेल. आणि ज्यांनी मातीचं भांडं दिलं, त्यांच्यातल्याच काहींनी बाळूंसाठी वादही घातला. एका माणसाच्या एका कृतीला एकच हेतू चिकटवू नका. आपल्या स्वतःच्या कृतींना तरी कुठे एक हेतू असतो?

पुढचं तुम्हाला माहीत असेल. प्लेगच्या काळात बाळू मुंबईला गेले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ बरेच सामने हरला, पण बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्यांना रीतसर कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये विठ्ठल यांना मिळालं. आणि धावफलकावर नाव काय? 'पी. बाळू'. आडनावाचं झालं आद्याक्षर, आणि घरात लाडाने हाक मारावी ते नाव आयुष्यभर जाहीर नाव म्हणून राहिलं. 'जंगली' हे ग्रेग यांचं टोपणनाव क्लबापुरतं. 'बाळू' मात्र कागदावर कायमचं.

१९३५ : दोन माणसं, दोन प्रश्न

आता मला या सगळ्यात जे सर्वांत अस्वस्थ करतं, ते सांगतो.

१९३५ साली ग्रेग धर्मगुरू झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला आमच्याच नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्याआधी १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह झालेला होता. दोन्ही घटना एकाच वर्षातल्या असणं हा निव्वळ योगायोग आहे. त्यात कार्यकारण शोधू नका, मीही शोधत नाही. पण योगायोग कधी कधी आपला आंधळेपणा दाखवतो.

कारण या वादात बाळूही होते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले : आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. मंदिराच्या दारात उभं राहून आत जायचा हक्क मागायचा, की ते घरच सोडायचं? बाळूंच्या आयुष्याची शेवटची दशकं या प्रश्नाच्या छायेत गेली. हा धर्माचा प्रश्न आहे, आणि विवेकाचाही. त्यांनी निवडलेली बाजू आज अनेकांना पटत नाही. माझ्या घरातही यावर दोन मतं आहेत. पण ती बाजू त्यांनी निवडली होती.

आता बघा, ग्रेग यांचं चरित्र हाती घेतलं की पहिला प्रश्न कुठला सुचतो? 'या माणसाच्या मनात काय झालं असेल, की तो साठीनंतर धर्मगुरू झाला?' किती स्वाभाविक प्रश्न! आणि बाळूंचं चरित्र हाती घेतलं की? 'चेंडू कसा वळवायचे? किती बळी घेतले? कोणी शिकवलं?' एकाला आपण अंतःकरण देतो, दुसऱ्याला मनगट. एकाची श्रद्धा हे गूढ, त्यावर प्रकरण लिहायचं. दुसऱ्याची श्रद्धा हे राजकारण, ते तळटीपेत जातं.

माझ्या निबंधातली खरी चूक ही होती. 'येत' आणि 'टाकायचा' हे तिचं फक्त वरवरचं लक्षण. बाईंनी रेघ लक्षणाखाली मारली आणि दुखणं मला शोधायला लावलं.

मग तुम्ही काय कराल?

व्यक्तीवर संशोधन करायचं असेल तर आराखडा लिहिण्याआधी एवढं करून बघा.

तुमच्या माणसाच्या आयुष्याची एक साधी तारीखवार पट्टी आखा आणि त्यातल्या रिकाम्या जागा तशाच ठेवा. ग्रेग यांच्या पट्टीत १९२२ ते १९३५ ही माझ्यासाठी अशीच जागा आहे. तिथे 'या काळात त्यांचं मन हळूहळू अध्यात्माकडे वळलं' असं लिहायला हात शिवशिवतो. लिहू नका. रिकामी जागा हा पुढच्या कामाचा पत्ता असतो : दीक्षेच्या नोंदी, धर्मप्रांताची दफ्तरं, काउंटीच्या बैठकांचे वृत्तान्त, पत्रव्यवहार.

मग त्याच घटनेतल्या दुसऱ्या माणसाची पट्टी पहिलीच्या खाली आखा. ग्रेगच्या खाली बाळू. दोन्ही पट्ट्यांना सारखेच रकाने द्या : शिक्षण, काम, मिळकत, खेळ, धर्म, मृत्यू. एका पट्टीतला रकाना भरलेला आणि दुसरीतला रिकामा दिसला तर स्वतःला विचारा : पुरावा नाही, की मी शोधलाच नाही? बाळूंचा 'धर्म' हा रकाना मी कित्येक महिने कोरा ठेवला होता, आणि सामग्री तर माझ्याच जिल्ह्याच्या इतिहासात पडली होती.

मराठी साधनं शेवटी ठेवू नका. 'माझे क्रीडा-जीवन'सारखं पुस्तक, 'केसरी' आणि 'ज्ञानप्रकाश'चे जुने अंक यांत या काळाची दुसरी बाजू आहे. आपल्याकडे इंग्रजी ग्रंथावरून मराठी माणसाचा इतिहास लिहायची सवय झालीये. गुहांनी स्वतः मराठी साधन वापरलं, आणि आपण मराठी असून फक्त गुहांना वापरतो. यात गुहांचा काय दोष?

आणि शेवटचं, मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास. मसुदा झाला की फक्त क्रियापदं वाचत जा. कोण 'म्हणाले' आणि कोण 'म्हणाला'? कोण 'गेल्या' आणि कोण 'गेली'? आदर कोणाला आपोआप मिळाला आणि कोणाला नाही? संदर्भ तपासायला आठवडे लागतात. हे तपासायला एक दुपार पुरते, आणि त्यातून कधी कधी अख्खं प्रकरण बदलतं.

माझं बदललं. ग्रेग आता माझ्या लेखात धर्मगुरू म्हणून येत नाहीत, निदान १८९२ मध्ये तरी नाही. तिथे ते एकवीस वर्षांचे, सरावाला आसुसलेले फलंदाज आहेत. समोर सोळा-सतरा वर्षांचे बाळू चेंडू हातात फिरवत उभे आहेत. पुढे कोण काय होणार, हे दोघांनाही ठाऊक नाही. बॅट एकाच्याच हातात आहे. तिथून सुरुवात केली की लिहायला पुष्कळ उरतं.